लिंबू रोज घेताय? मग या चुका टाळा

आमच्या इंदूरात लिंबाशिवाय पोह्यांची प्लेट पुढे येतच नाही. सेव, जीरावन मसाला, कांदा आणि कडेला लिंबाची फोड. एवढं लिंबू पोटात जातं तरी त्याचा निम्मा फायदा आपण स्वयंपाकघरातच घालवतो, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गॅस चालू असताना लिंबू पिळणं. व्हिटॅमिन सी उष्णतेने कमी होतं, त्यामुळे कढईत पिळून वर झाकण ठेवून वाफ काढली की आंबटपणा राहतो पण सी बरंच जातं. पिळायचं ते ताटात, खायला बसल्यावर. पोहे, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीर सहज घेत नाही, सोबत सी असलं की जास्त घेतं, आपल्याकडे वरणभातावर तूप आणि लिंबू असतं ते किती शहाणपणाचं आहे बघा. पण पोह्यांवर लगेच कडक चहा घेतला की चहातले टॅनिन तेच लोह अडवतात, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी तरी मध्ये तासभर जाऊ द्यावा, प्लीज.

दुसरं, एका लिंबात दिवसभराचं सी मिळतं हा गैरसमज. मोठ्या पिवळ्या लेमनमध्ये 100 ग्रॅमला साधारण 50 मिलिग्रॅम सी असतं, आपलं कागदी लिंबू म्हणजे लाइम, त्यात 30 च्या आसपास, आणि एका लिंबाचा रस निघतो जेमतेम दोन-तीन चमचे. म्हणजे पेरू आणि आवळा सोडून चालत नाही. जेम्स लिंड या डॉक्टरांनी 1747 मध्ये जहाजावरच्या स्कर्व्ही (सी न मिळाल्याने होणारा आजार) झालेल्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लेमन मिळालेले दोघं सगळ्यात लवकर बरे झाले. पुढे 19व्या शतकात ब्रिटिश नौदलाने लेमन सोडून वेस्ट इंडीजचं लाइम घेतलं, त्यात सी आधीच कमी, वर रस साठवलेला आणि तांब्याच्या नळ्यांतून नेलेला, आणि 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आला. म्हणून सकाळी तांब्याच्या लोट्यातल्या पाण्यात लिंबू पिळत असाल तर बंद करा, तांब्यामुळे सी लवकर नष्ट होतं आणि आंबटामुळे तांबं पाण्यात उतरतं. काचेचा ग्लास घ्या.

आता दात. आई रोज सकाळी लिंबूपाणी घेऊन पेपर वाचत बसायची, घोट घोट करत अर्धा तास, आणि उठली की लगेच ब्रश. काही महिन्यांनी माठातलं पाणी प्यायलं तरी तिच्या दातांतून कळ जायची, नुसते आंबले असतील म्हणून आम्ही सोडून दिलं, शेवटी डेंटिस्टने सांगितलं की इनॅमल, म्हणजे दातांवरचं कडक आवरण, झिजलंय. ॲसिडने इनॅमल मऊ होतं आणि त्यावर ब्रश घासला की ते निघतं, परत येत नाही. आता ती ब्रश आधी करते, लिंबूपाणी एकदम पिऊन टाकते आणि साध्या पाण्याने चूळ भरते. नंतरच ब्रश करायचा असेल तर निदान अर्धा तास थांबा.

रस कडू होतो? बिया चिरडल्या असतील, सालीचा पांढरा भाग जोरात दाबला असेल, नाहीतर रस तासन्‌तास काढून ठेवला असेल. लिंबू कडक असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पोळपाटावर तळव्याने लाटा, रस भरपूर सुटतो. फ्रीजमध्ये उघडी ठेवलेली लिंबं सुकतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही हो, कोल्ड्रिंकऐवजी बिनसाखरेचं घेतलं तर साखर कमी जाते इतकंच. ॲसिडिटीवाल्यांनी उपाशीपोटी घेऊ नये. लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमचे मूतखडे व्हायला अडथळा करतं हे खरं, पण आधीच खडा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. चेहऱ्यावर रस लावून उन्हात तर अजिबात जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

आणि बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी, इंदूरची शिकंजी म्हणजे दूध आणि सुकामेव्याची घट्ट गोड शिकंजी, लिंबू समजून मागवू नका. उन्हातून आल्यावर लिंबूपाणीच हवं असेल तर तसं सांगा, आणि मीठ घालायला सांगा.