रानात साप पाहताना या चुका टाळा

रानात साप दिसल्यावर घाबरलेला माणूस निदान मागे तरी सरतो. चुका अधिक होतात त्या हौशी माणसाकडून, कारण त्याला साप आणखी जवळून, आणखी स्पष्ट आणि जमल्यास फणा काढलेला पाहायचा असतो.

अंतराचा अंदाज चुकणे ही सर्वांत नेहमीची चूक. पुष्कळ साप स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतात. परंतु गवतात वेटोळे घालून बसलेल्या सापाची लांबी नुसत्या नजरेने ओळखणे जाणकारालाही कठीण जाते, म्हणून किमान दोन-तीन मीटर आणि मोठ्या सापापासून त्याहून अधिक अंतर राखून दुर्बिणीने पाहावे. सापाने मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे ओढली, वाळलेल्या पानांत शेपटी थरथरवली किंवा घोणशीसारखा लांबलचक फुत्कार सोडला, तर तुम्ही आधीच फार जवळ गेला आहात. अशा वेळी क्षणभर स्थिर राहून, सापावरची नजर न हटवता, सावकाश मागे यावे. छायाचित्रकारांना नागाची फणा काढलेली मुद्रा हवी असते, आणि ती मिळवण्यासाठी काठीने डिवचण्याचे प्रकार सर्रास चालतात. प्रत्यक्षात ती मुद्रा इशाऱ्याची असते आणि तो इशारा द्यायला लावणे म्हणजे सापाला छळणेच होय.

दुसरी चूक ओळखीची. डोके त्रिकोणी असेल तर साप विषारी, हा समज सोडून द्यावा. नाग आणि मण्यार यांचे डोके तसे नसते, उलट काही बिनविषारी साप धोका जाणवताच डोके चपटे करतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत तर नेहमीचीच. मण्यारीचे पांढरे पट्टे सहसा शेपटीकडे ठळक व मानेकडे पुसट असतात, तर कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. मात्र काही मण्यारींवर पट्टे जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे या खुणेच्या भरवशावर साप हातात घेणे हा शुद्ध अविचार आहे. मेलेल्या सापालाही हात लावू नये. धडावेगळे झालेले डोकेसुद्धा काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते.

साप शोधण्यासाठी दगड व ओंडके उलटण्याची सवय असेल, तर उचललेली प्रत्येक वस्तू होती तशीच परत ठेवावी. तिच्याखालचा ओलावा आणि तापमान यांवर सापाबरोबरच त्याचे भक्ष्यही अवलंबून असते. नुकतेच भक्ष्य गिळलेला साप डिवचला गेला, तर ते ओकून टाकतो आणि त्याची सारी मेहनत वाया जाते. डोळे दुधाळ दिसत असतील तर तो कात टाकण्याच्या बेतात आहे. या काळात त्याला नीट दिसत नसल्यामुळे तो लवकर बिथरतो.

साप वाटेवर आडवा पडून हलत नसेल, तर थांबावे किंवा लांबून वळसा घालावा. त्याच्यावर ओरडून फारसे काही साधत नाही. त्याला बाह्यकर्ण नसतात आणि जमिनीतून येणारी कंपने त्याला अधिक चांगली जाणवतात. दगड तर मुळीच मारू नयेत. ‘बिचारा वाट चुकला’ म्हणून त्याला उचलून दूर सोडणेही चुकीचे, कारण अनोळखी जागी त्याला निवारा व भक्ष्य नव्याने शोधावे लागते आणि त्या भटकंतीत तो बळी पडण्याची शक्यता वाढते. छायाचित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर करू नये. तेथे आधी गर्दी पोहोचते, मग तस्कर.

इतके करूनही दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे हे उपाय करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने जगभरात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसे दगावतात. अंगठ्या, घड्याळ उतरवावे, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला तातडीने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर मुख्यतः लक्षणे व रक्ततपासणी पाहून उपचार ठरवतात.