अमेरिकन फुटबॉल : नियम ज्या क्रमाने आले त्या क्रमाने शिकण्याची रीत

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खेळ फार तुटक वाटतो. दर काही सेकंदांनी खेळ थांबतो, खेळाडू पुन्हा समोरासमोर रांगा करून उभे राहतात, मध्येच साखळी आणून अंतर मोजले जाते. अशा वेळी नियमपुस्तिका उघडली तर गोंधळ वाढतोच, कारण तिथे सगळे नियम एकाच तोलाने मांडलेले असतात. त्याऐवजी १८६९ ते १९१२ या काळात हे नियम ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ते शिकावेत, जमल्यास मैदानावर खेळून शिकावेत, आणि प्रत्येक नियमापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा : हा नियम येण्याआधी खेळ कुठे अडत होता? माझ्या मते या खेळाची खरी किल्ली याच प्रश्नात आहे.

तयारी फारशी लागत नाही. शाळेचे किंवा महाविद्यालयाचे मैदान, रेघा आखायला फक्की, एक गोल चेंडू, एक रग्बीचा लंबगोल चेंडू आणि दोन संघ एवढे पुरे. मात्र कोणालाही खाली पाडायचे नाही. प्रत्येकाने कमरेला रुमाल खोचावा आणि तो ओढला गेला की धावणारा पकडला गेला असे मानावे. ही अट शेवटपर्यंत पाळावी. ती का, हे पुढे येईलच. मैदान नसेल तर कागदावर रेघा मारून नाण्यांनीही हे सर्व करून पाहता येते.

पहिला डाव ६ नोव्हेंबर १८६९ चा. त्या दिवशी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्स्विक येथे रटगर्सच्या विद्यार्थ्यांनी प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते, मैदान ३६० फूट लांब आणि २२५ फूट रुंद होते. चेंडू गोल होता. तो हातात घेऊन धावता येत नसे की फेकताही येत नसे, पण लाथेने किंवा हाताने टोलवता येत असे. ज्या जागी हा सामना झाला तिथे आज रटगर्स विद्यापीठाचे कॉलेज अव्हेन्यू जिमनेशियम आहे, आणि शेजारच्या एडिसन परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते सहज पाहता येईल. याच नियमांनी दहा मिनिटे खेळावे. हा खेळ आजच्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा सॉकरला किती जवळचा होता, हे लगेच ध्यानात येईल.

१८७३ मध्ये येल, कोलंबिया, प्रिन्स्टन आणि रटगर्स यांनी न्यूयॉर्कला एकत्र येऊन सॉकरसारखे सामाईक नियम ठरवले. हार्वर्ड त्यात आले नाही, कारण तिथल्या ‘बॉस्टन गेम’ या खेळात चेंडू उचलून धावता येत असे. खेळाची दिशा या नकाराने बदलली. मे १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डच्या गावी, अमेरिकेतील केंब्रिजला आला. पहिला सामना हार्वर्डच्या नियमांनी झाला आणि दुसरा, १५ मे रोजी, मॅकगिलच्या रग्बी नियमांनी लंबगोल चेंडूने. दुसरा सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला; तरीही हार्वर्डच्या खेळाडूंना तोच खेळ अधिक आवडला. नोव्हेंबर १८७६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील बैठकीत महाविद्यालयांनी मुख्यतः रग्बीवर बेतलेले नियम स्वीकारले. इथे गोल चेंडू बाजूला ठेवावा, लंबगोल चेंडू घ्यावा आणि तो फक्त मागे किंवा आडवा देत खेळावे.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी येते, आणि तिला भरपूर वेळ द्यावा. रग्बीत खेळाडू पकडला गेला की दोन्ही संघ एकमेकांत खांदे रोवून झुंजतात आणि चेंडू कोणाकडे जाईल हे आधी सांगता येत नाही. येलचा वॉल्टर कॅम्प याला ही अनिश्चितता खटकत होती. त्याच्या आग्रहाने १८८० मध्ये दोन बदल झाले : प्रत्येक बाजूचे खेळाडू १५ वरून ११ वर आले, आणि खेळ पुन्हा सुरू होताना चेंडू एकाच संघाकडे राहू लागला. मधला खेळाडू तो पायाने मागे ढकलत असे, आणि तो प्रथम घेणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हटले जाई. त्या काळी क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन पुढे धावण्याची मुभा नव्हती, म्हणून सरावातही त्याने तो सहकाऱ्याकडेच द्यावा. कबड्डीत चढाई कोणाची हे जसे प्रत्येक क्षणी ठाऊक असते, तसे या खेळात आक्रमण कोणाचे हे या एका नियमाने ठरू लागले. आखलेल्या चाली, प्रत्येक जागेचे वेगळे काम, डावपेचांची वही हे सारे त्यातूनच आले.

पण त्याच नियमात एक फट होती, आणि ती स्वतः अनुभवल्याशिवाय पुढचा नियम समजत नाही. एका संघाला चेंडू देऊन सांगावे, ‘पुढे जाऊ नका, फक्त चेंडू सोडू नका.’ मग कितीही वेळ गेला तरी दुसऱ्या संघाला तो मिळत नाही. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात हेच झाले : पहिला अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू धरून ठेवला, दुसरा अर्धा वेळ येलने, आणि सामना शून्य-शून्य संपला. प्रेक्षक चिडले, यात नवल नाही. म्हणून १८८२ मध्ये ठरले की सलग तीन प्रयत्नांत, म्हणजे तीन ‘डाउन’मध्ये, संघाने ५ यार्ड पुढे जावे किंवा १० यार्ड मागे तरी यावे, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यावा. मागे येऊनही चेंडू राखता यावा ही तरतूद आज विचित्र वाटते, म्हणूनच ती खेळून पाहावी. अंतर मोजायचे तर खुणा हव्यात, तेव्हा आता फक्कीने दर ५ यार्डांवर आडवी रेघ मारावी. मैदान जाळीसारखे दिसू लागेल; त्यावरूनच त्याला ‘ग्रिडायर्न’ हे नाव पडले.

गुणांची पद्धत १८८३ मध्ये आली, आणि तिच्याकडे एक नजर टाकली तरी पुरे. टचडाउनला (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जाणे) २, त्यानंतरच्या लाथेच्या गोलला ४ आणि फील्ड गोलला (चालू खेळात लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून मारणे) ५ गुण होते, म्हणजे तेव्हाही पायालाच मान होता. पुढच्याच वर्षी टचडाउनचे ४ झाले, १८९८ मध्ये ५ आणि १९१२ मध्ये ६.

यानंतरची पायरी फक्त कागदावर करावी. १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडण्यास परवानगी मिळाली. मोकळ्या जागेत धावणे अवघड झाले आणि संघ दाटीने घुसू लागले. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ आणले : खेळाडूंचे दोन गट दुरून धावत येऊन पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि तिच्या आडोशाने चेंडूवाला पुढे सरके. नाण्यांनी ही पाचर मांडली की सारा धक्का समोरच्या एखाद्याच खेळाडूवर कसा येतो ते दिसते. दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली, पण दाटीचा खेळ थांबला नाही. १९०५ च्या हंगामात किमान १८ मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले. रुमालाची अट घातली ती याच कारणाने, आणि हा भाग शिकवताना कोणीही तो शौर्यकथेसारखा रंगवू नये असे मला मनापासून वाटते. ती कोवळी मुले होती.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले होते. नोव्हेंबरमध्ये युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात दगावल्यावर त्या विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची परिषद घेतली. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची आजची एनसीएए ही संस्था त्याच हालचालींतून उभी राहिली. १९०६ च्या नियमांनी तीन डाउनमध्ये १० यार्डांची अट घातली, दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवली आणि चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा दिली. हेतू एकच होता : दाटी फुटावी, खेळाडू मैदानभर पसरावेत. मात्र फेकलेला चेंडू कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर तो थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाई. याच अटीने काही चाली खेळाव्यात. बहुतेक प्रशिक्षक अनेक वर्षे पास टाळत का राहिले याचे उत्तर लगेच मिळते. सेंट लुईस विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कॉकेम्स यांनी मात्र सप्टेंबर १९०६ मध्येच कॅरोल कॉलेजविरुद्ध हा पास वापरला. त्यांच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनचा पहिला प्रयत्न फसला आणि चेंडू गेला. पुढे त्याच सामन्यात त्याने जॅक श्नायडरला पास देऊन टचडाउन मिळवून दिले.

शेवटचा डाव १९१२ च्या नियमांनी खेळावा : चार डाउन, १० यार्ड, १०० यार्डांचे मैदान आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन, म्हणजे गोलरेषेपलीकडचा पट्टा. मैदान लहान असेल तर सर्व अंतरे त्याच प्रमाणात कमी करावीत. चौथ्या डाउनला प्रत्येक वेळी खेळ थांबवून कर्णधाराला विचारावे की तो चेंडू लाथेने दूर मारणार की उरलेले अंतर कापायचा प्रयत्न करणार, आणि त्याचे कारण सर्वांसमोर मांडायला लावावे. त्यानंतर आजचा एखादा पूर्ण सामना लावावा आणि कागदावर फक्त डाउनचा क्रमांक आणि उरलेले यार्ड लिहीत जावे.