एका सोर्समधून अनेक कर्नल: बिल्ड डिरेक्टरींची पूर्वतयारी

एकाच लिनक्स सोर्समधून रोजच्या वापराचा एक आणि डीबगिंगचा दुसरा असे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काढायचे असतील, तर सोर्सची डिरेक्टरी आधी पूर्ण स्वच्छ हवी. तिच्यात पूर्वी थेट कम्पाइल केलेले असेल, तर बाहेरच्या डिरेक्टरीतले बिल्ड, म्हणजे कर्नल कम्पाइल करण्याचे काम, अडते आणि ‘मेक एमआरप्रॉपर’ ही ‘मेक’ या बिल्डच्या साधनाची सफाईची आज्ञा चालवण्याची सूचना येते. ही आज्ञा ‘डॉट कॉन्फिग’ ही कर्नलच्या निवडलेल्या पर्यायांची फाइलही पुसते, म्हणून ती फाइल आधीच दुसरीकडे उतरवून ठेवावी. फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएल्फ आणि ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट पॅकेजे, तसेच डेबहेल्पर ही बिल्डला आणि पॅकेजिंगला लागणारी सामग्री बसवलेली असावी.

बिल्ड डिरेक्टरी ‘ओ’ या पर्यायाने द्यावी लागते आणि तो मेन्यूकॉन्फिगपासून (मेन्यूतून पर्याय निवडण्याची आज्ञा) पॅकेजिंगपर्यंत प्रत्येक आज्ञेत हवा, कारण एकदा विसरला तरी सोर्समध्ये फाइली सांडतात. त्याऐवजी ‘केबिल्ड आउटपुट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरता येते. पण डिरेक्टरी अनेक असताना टर्मिनलमध्ये जुनेच मूल्य राहून जाते, त्यामुळे मला ते पसंत नाही.

‘बिनडेब पीकेजी’ ही पॅकेजिंगची आज्ञा तयार डेब फाइली (डेबियन, उबुंटूची पॅकेजे) बिल्ड डिरेक्टरीच्या एक पायरी वर ठेवते. दोन्ही बिल्ड शेजारीशेजारी असली की पॅकेजांची सरमिसळ होते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पालक डिरेक्टरी द्यावी. ‘लोकलव्हर्जन’, म्हणजे कर्नलच्या नावामागे जोडला जाणारा मजकूर, हेही वेगळे ठेवावे, अन्यथा दोन्ही कर्नलांचे नाव एकच होऊन दुसरे पॅकेज पहिल्याच्या जागी बसते. ‘मेक कर्नलरिलीज’ने ते नाव आधीच पडताळता येते.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तापलेला प्रोसेसर आपला वेग उतरवतो, तेव्हा मोठे बिल्ड पहाटे लावलेले बरे, आणि संगणक इन्व्हर्टरवर असावा. मध्येच वीज गेल्यास काही ऑब्जेक्ट फाइली अर्धवट राहू शकतात. मेक मात्र त्यांची वेळ पाहते, आतला मजकूर तपासत नाही, आणि त्यांना पूर्ण समजून पुढे जाते. अशा वेळी ती एकच बिल्ड डिरेक्टरी पुसून नव्याने सुरुवात करावी. सोर्सला धक्का लागत नाही. तसे निर्धास्तपणे करता यावे म्हणून ‘डॉट कॉन्फिग’ आणि मॉड्यूल सायनिंग (मॉड्यूल्सवर, म्हणजे कर्नलला जोडता येणाऱ्या भागांवर, डिजिटल सही) चालू असल्यास ‘सर्ट्‌स’मध्ये तयार होणारी खासगी किल्ली बाहेर, सुरक्षित जागी ठेवावी.

पॅकेज न करता थेट ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ केले असेल, तर मॉड्यूल्सच्या डिरेक्टरीतली ‘बिल्ड’ ही लिंक त्या कर्नलच्या बिल्ड डिरेक्टरीकडे जाते. त्या कर्नलसाठी सोर्सबाहेरची मॉड्यूल बनवायची असेपर्यंत ती डिरेक्टरी रिकामी करू नये.