झावळ्यांचा रविवार मुलांना रंगांतून कसा सांगावा

झावळ्यांच्या रविवारी अनेक संडे स्कूलमध्ये मुलांच्या हाती एक छापील चित्र दिले जाते आणि मुले त्यात मुकाट्याने रंग भरून ते परत करतात. चित्र पूर्ण होते, परंतु गोष्ट मुलांपर्यंत पोहोचतच नाही. नवापूर-नंदुरबारकडील मावची बोलणारी मुले असोत किंवा जळगाव-धुळ्याकडील अहिराणी बोलणारी, रंगांचा खडू हाती देण्यापूर्वी त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत प्रसंग सांगावा. ईस्टरच्या आधीच्या रविवारी येशू गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत आला आणि लोकांनी खजुरीच्या झावळ्या हाती घेऊन व वाटेवर वस्त्रे पसरून ‘होसान्ना’ असा घोष केला. ‘होसान्ना’ म्हणजे मुळात ‘आम्हाला तार’, हेही त्याच वेळी सांगावे.

चित्र विकत आणण्याची गरज नाही. जाड काळ्या पेनाने एका कागदावर गाढव, वाट आणि वेशीचे दार एवढेच मोठ्या रेषांत काढावे व त्याच्या झेरॉक्स काढाव्यात. वाटेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा अवश्य सोडावी. तिचा उपयोग पुढे होईल.

आरंभ गाढवापासून करावा, कारण येथेच मुले हसतात. आपल्याकडे ‘गाढव’ ही शिवी आहे, त्यामुळे देवाचा पुत्र गाढवावर कसा बसेल, हा प्रश्न मुलांच्या मनात येतोच. तो दडपू नये. लढाईला निघालेला राजा घोड्यावर बसतो. जखऱ्या संदेष्ट्याने मात्र नम्र आणि गाढवावर बसून येणारा राजा सांगितला होता, आणि तो राष्ट्रांशी शांतीचे बोलणे करील असेही म्हटले होते. एवढे समजल्यावर मुले त्या जनावराकडे आदराने पाहू लागतात. वीटभट्टीवर ओझी वाहणारे गाढव त्यांनी पाहिलेलेच असते. त्याचा करडा रंग, तोंडाजवळचा पांढुरका भाग आणि अनेक गाढवांच्या पाठीवर व खांद्यांवर दिसणारी गडद क्रुसासारखी रेघ आठवून रंग भरण्यास सांगावे. या रेघेचा संबंध ख्रिस्ती लोकपरंपरेने याच प्रसंगाशी जोडला आहे.

त्यानंतर झावळ्या. रावेर-यावलकडील मुले पान म्हटले की केळीचेच काढतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यांना शिंदीची झावळी प्रत्यक्ष दाखवावी, कारण शिंदी ही खजुरीच्याच कुळातील आहे. तिच्या पात्यांची टोके टोचतात, म्हणून ती मोठ्यांनी कात्रीने कापून द्यावीत. पाते कागदाखाली ठेवून वरून हिरवा मेणाचा खडू आडवा घासला की शिरांसह ठसा उमटतो. लहान मुलांना हे रेषेच्या आत रंग भरण्यापेक्षा सोपे जाते.

वस्त्रांसाठी पळस घ्यावा. सातपुड्याच्या पायथ्याशी तो याच दिवसांत फुललेला असतो. खाली पडलेल्या वाटीभर पाकळ्या मोठ्यांनी पाण्यात उकळून गाळाव्यात; केशरी-पिवळा रंग मिळतो. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ते तांबूस होते. लाल रंग आवर्जून वापरावा, कारण रोमन कॅथलिक उपासनेत या दिवशी याजकांची वस्त्रे लाल असतात. पाण्याचे रंग वाळेपर्यंत मुलांना थांबावे लागते आणि गोष्टीचा उरलेला भाग सांगायला तेवढा वेळ पुरतो. उन्हाळा लागलेला असतो, म्हणून हे काम सकाळीच करावे. दुपारी मेणाचे खडू हातातच मऊ पडतात.

आठ-दहा वर्षांच्या मुलांकडून मात्र अधिक अपेक्षा ठेवावी. बायबलमधील येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही पुस्तकांतील, म्हणजे शुभवर्तमानांतील, उतारे त्यांच्याकडून वाचून घ्यावेत: मत्तय २१, मार्क ११, लूक १९ आणि योहान १२. खजुरीच्या झावळ्यांचा स्पष्ट उल्लेख केवळ योहान करतो, तर लूक फक्त वस्त्रांविषयी लिहितो. चार गटांनी आपापल्या उताऱ्यात जे आहे तेवढेच रंगवले, तर चार वेगळी चित्रे तयार होतात आणि मुले एकमेकांच्या चित्रांतील फरक शोधण्यासाठी पुन्हा बायबल उघडतात. माझ्या मते या साऱ्या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

शेवटी वाटेकडेची मोकळी जागा दाखवून विचारावे, “तू येथे असतास तर कोठे उभा राहिला असतास?” मुलाने स्वतःला तेथे काढावे. कोणी झाडावर चढेल, कोणी आजीचा हात धरून मागे उभा राहील. त्यात दुरुस्ती करू नये.