शेल्टरची जागा सुटतेय? या चुका टाळा

“जागा पडेलच शे भाऊ (पडूनच आहे), वापरा तुम्ही.” जळगाव-धुळ्याकडची भटक्या कुत्र्यांची बरीच शेल्टरं आणि छोट्या गोशाळा एवढ्या एका वाक्यावर उभ्या राहतात. पुढे हायवे रुंद होतो, शेजारी प्लॉट पडतात, जागा देणारे आप्पा वारतात आणि सातबाऱ्यावर पोरा-पोरींची नावं चढतात. मग वकिलाची नोटीस येते.

माझं मत आधीच सांगतो. अशा वेळी जागेसाठी लढण्यापेक्षा मुदतीसाठी बोलावं. लंगडी कुत्री आणि म्हाताऱ्या गायी घेऊन वर्षानुवर्षं तारखा करणं कुणाला परवडत नाही.

“आप्पांनी शब्द दिला होता”

शब्द दिला असेल, पण भाडं नाही आणि करार नाही म्हटल्यावर कायद्याच्या नजरेत तो नुसता परवाना, म्हणजे जागा वापरायची परवानगी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे परवाना सहसा मागे घेता येतो, आणि जमीन विकली तर घेणाऱ्यावर त्याचं बंधन नसतं. मात्र त्याच कायद्याचं कलम ६३ तुमच्या कामाचं आहे: परवाना रद्द झाला तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. वाजवी म्हणजे किती, ते कायद्यात लिहिलेलं नाही. ते तुम्हालाच पटवून द्यायचं असतं.

म्हणून नोटीस कपाटात टाकू नका. उत्तर लेखी द्या. सोबत जनावरांची यादी, हलवता न येणाऱ्या जनावरांबद्दल पशुवैद्यकांचं पत्र आणि कोणत्या महिन्यात किती जनावरं जातील याचा तक्ता जोडा. बोलणं तुटलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावा लागण्याआधीच मध्यस्थी मागता येते. परवानगीच्या भरवशावर पक्कं बांधकाम केलं असेल तर परवाना कधी मागे घेता येत नाही ते सांगणारं त्याच कायद्याचं कलम ६० वकिलाकडून समजून घ्या. सिमेंट, गवंडी, बोअर, सगळी बिलं शोधून ठेवा. दरमहा काही रक्कम देत असाल तर मामला भाडेपट्ट्याकडे झुकतो, मग त्या पावत्या सोन्याच्या.

मालकाची बदनामी

ही चूक सगळ्यात महागात पडते. कुत्र्याचा फोटो, खाली वारसांची नावं, वर “निर्दयी” असा शिक्का. त्यांच्या बापाने इतकी वर्षं जागा फुकट दिली होती, हे कुणी लिहीत नाही. सहा महिने थांबायला तयार असलेली लेक अशी पोस्ट वाचून भावांच्या बाजूला जाते. मदत जरूर मागा, पण संस्थेच्या खात्यावर. स्वतःचा क्यूआर कोड टाकलात की पुढचं भांडण हिशेबाचं.

नोटीस आल्यावरही जनावरं घेत राहणं

दाखल बंद करा. वाईट वाटतं, फोन करणारे बोलतातही, पण करा. अपघाताची केस असेल तर जागेवर उपचार करून द्या. मग शांतपणे मोजणी करा. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली, धडधाकट कुत्री शेल्टरमध्ये का आहेत? प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे अशी रस्त्यावरची कुत्री जिथून आणली तिथेच सोडायची असतात. अपवाद लक्षात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाप्रमाणे शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वेस्टेशन अशा आवारातून उचललेली कुत्री परत तिथे सोडता येत नाहीत.

“सातपुड्यात पालच्या जंगलात सोडून देऊ” असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक बैठकीत असतो. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय यावल अभयारण्याच्या कडेला डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि रेबीज नेऊन पोहोचवण्यात कसली भूतदया?

गोशाळा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पोलिसांनी शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्यावर पकडून तुमच्याकडे ठेवलेली गुरं हा खटल्याचा मुद्देमाल असतो. ती परस्पर दुसऱ्या गोशाळेत पाठवू नका. पोलीस ठाण्याला कळवून कोर्टाची परवानगी घ्या आणि यादीत प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर लिहा. नंतर एक बैल कमी भरला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मिळेल ती जागा घेणं

गायरानात बसू नका. तिथून उठवायला कोर्टाचीही वाट पाहिली जात नाही. गिरणा-पांझरेच्या काठची स्वस्त जागा पूररेषेत आहे का ते आधी विचारा. काळ्या कसदार जमिनीत पावसाळ्यात रिक्षाही रुतते, त्यामुळे मुरमाचा खर्च धरा. शेतीपंपाच्या लाइनवर वीज ठरावीक तासच येते, रात्री पंखा लागणार असेल तर वेगळं मीटर हवं. पाणी मोजा: एका मोठ्या गायीला रोज ५० लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

शेजारी केळीचा बाग असेल तर करार करण्याआधी त्या शेतकऱ्याला भेटा. कुत्र्याची पिल्लं ठिबकच्या नळ्या चावतात. त्याला हे ठाऊक असतं, तुम्हाला नसतं, आणि पहिली तक्रार तिथूनच ग्रामपंचायतीत जाते. कुंपण आधी, कुत्री नंतर. या वेळी करार लेखी आणि नोंदणीकृत करा, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांनी.

मे महिन्यात हलवाहलव

भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी बंद टेम्पोत कुत्रं भरणं म्हणजे त्याला मारणंच. मुदत मागताना हेच कारण लिहा. ते मालकालाही पटतं. जावंच लागलं तर पहाटे, गाडी अर्धीच भरून. लसी किमान दोन आठवडे आधी झालेल्या असाव्यात. नव्या शेडच्या पत्र्यावर कापसाच्या पऱ्हाट्या किंवा केळीची पानं पसरा. आधी दोन-चार शांत, वयस्क कुत्री न्या, बाकीची मागून.

जुनी जागा देताना ताबा पावती लिहून घ्या, वीजबिलाचं नाव बदलून द्या. आणि पहिले काही दिवस तिथे एक माणूस ठेवा, कारण निसटलेली कुत्री बरेचदा जुन्याच फाटकाशी येऊन उभी राहतात.