पुण्यातील माजी सैनिकांनी सवलती व मदत कशी मिळवावी

सेवानिवृत्तीनंतर पहिले काम म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घेणे, कारण मुलांची शिष्यवृत्ती, आर्थिक मदत आणि शासकीय नोकरीतील आरक्षण यांसाठी लागणारे दाखले तेथूनच मिळतात. सोबत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची नोंद असलेली पुस्तिका), पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), आधार कार्ड आणि रहिवासाचा पुरावा न्यावा. त्याआधी एक गोष्ट बारकाईने पाहावी: डिस्चार्ज बुकात पत्नीचे नाव ‘Sunita’ आणि आधारवर ‘Suneeta’ असेल, तर एवढ्याशा स्पेलिंगपायी पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडू शकते, म्हणून ही दुरुस्ती सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून वेळीच करून घ्यावी.

घरपट्टीची माफी मात्र आपोआप लागू होत नाही. राज्य शासनाने 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेद्वारे ही सवलत सर्व माजी सैनिकांना दिली. ती राज्यातील एकाच मालमत्तेला मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र जोडून महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

उपचारांसाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे आणि तेथील रेफरल घेऊनच संलग्न रुग्णालय गाठावे. तातडीच्या प्रसंगी थेट रुग्णालयात जाता येते. निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून मिळत असल्यास हयातीचा दाखला दरवर्षी न चुकता द्यावा. अपंगत्व आलेल्या जवानांसाठी खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. 1917 पासूनची ही संस्था व्यवसाय प्रशिक्षण देते.