ओर्कांवर होणारा बोटींचा परिणाम किनाऱ्यावरून कसा नोंदवावा

वॉशिंग्टन राज्यातील सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाइम किल्न पॉइंट हे उद्यान आहे आणि तेथून हॅरो सामुद्रधुनीतील ओर्का (‘किलर व्हेल’) उघड्या डोळ्यांनीही दिसतात. सिएटल परिसरातील मराठी मंडळींना अ‍ॅनाकोर्टिसहून फेरीने या बेटावर जाता येते. निरीक्षणासाठी वेगळी बोट करू नये. आपलीच बोट पाण्यात असली, तर ती नसताना प्राणी कसे वागले असते हे कळायला मार्गच उरत नाही.

प्रथम कळपाची ओळख पटवावी. ‘दक्षिणी निवासी’ या गटातील ओर्का प्रामुख्याने चिनूक सामन खातात आणि टकटक ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा हेरतात, त्यामुळे इंजिनाचा आवाज थेट त्यांच्या शिकारीच्या आड येतो. सील मारणारे ‘बिग्ज’ या दुसऱ्या गटातील ओर्का शिकार करताना बहुधा गप्प असतात. या दोहोंच्या नोंदी एकाच वहीत मिसळल्या, तर पुढचे सारे श्रम वाया जातात.

त्यानंतर दर पाच मिनिटांनी कळप शिकार करतो आहे, सरळ प्रवास करतो आहे, विश्रांती घेतो आहे की खेळतो आहे हे लिहावे आणि त्याच ओळीत बोटींची संख्या, प्रकार, अंदाजे अंतर व वेग नोंदवावा. भरती-ओहोटीची वेळही हवी, नाहीतर प्रवाहामुळे झालेला बदल बोटींच्या माथी मारला जाईल. दिशा होकायंत्राने घ्यावी. संशोधक उंचावरून थिओडोलाइटने कोन मोजून मार्गाचा नकाशा काढतात, कारण बोटी जवळ आल्यावर ओर्कांचा मार्ग अनेकदा वाकडातिकडा होतो.

शेपटी आपटणे किंवा उसळी मारणे म्हणजे आनंद, असे पर्यटक समजतात. नोंदीत असा अर्थ लावू नये, फक्त क्रिया लिहावी. खरे नुकसान सहसा पाण्याखाली होते. अंगावर यंत्रे चिकटवून केलेल्या अभ्यासांत बोट जवळ असताना विशेषतः माद्या शिकार सोडून देताना आढळल्या, तर आवाज वाढला की ओर्का स्वतःही मोठ्याने हाका मारतात, हे हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, मोजले गेले आहे.

जानेवारी २०२५ पासून राज्याच्या कायद्यानुसार बोटींना दक्षिणी निवासींपासून १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, दूर राहावे लागते. मात्र व्हँकुव्हरकडे जाणारी मालवाहू जहाजे याच सामुद्रधुनीतून जातात. म्हणून जवळ बोट नाही एवढ्यावरून ती वेळ ‘शांत’ धरू नये. क्षितिजावरचे जहाजही बोटींच्या रकान्यात लिहावे.